जुने स्पीकर, नवे भाग: गोव्याच्या हवेत काय बदलावं आणि काय तसंच ठेवावं

गोव्यात जुने स्पीकर वाजवून कमी बिघडतात, हवेने जास्त बिघडतात. जून ते सप्टेंबरची ओल, किनाऱ्याकडचा खारा वारा आणि बॉक्स चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवायची आपली सवय, या सगळ्यांनी मिळून फोम कुजतो, लोखंड गंजतं, तांब्याच्या तारेवर हिरवी भुकटी येते आणि पार्टिकल बोर्डाचं खोकं तळातून फुगतं. माल मात्र आपल्याकडे भरपूर आहे. तारवट्यांनी (खलाशांनी) बोटीवरून आणलेले जपानी बॉक्स, आखातातून परतताना कुणी आणलेली अख्खी सिस्टिम, पोर्तुगीज काळात घरात आलेले जर्मन आणि डच रेडिओ. माळ्यावर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, घर विकायला काढलेल्या शेजाऱ्याकडे यातलं काही ना काही अजून सापडतं.

दुरुस्तीला बसलं की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ओरिजिनलला हात लावू नका. दुसरा म्हणतो, आतलं सगळं काढून नवं घाला, हल्ली फार चांगले पार्ट मिळतात. मला दोन्ही पटत नाहीत. वाळणारे, कुजणारे, गंजणारे भाग बदलावेच लागतात, पण नवा भाग जुन्यापेक्षा 'भारी' असण्याची गरज नसते. तो जुना भाग नवा असताना जसा वागत होता तसा वागला पाहिजे. घुमट या मडक्याच्या वाद्यावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. ते कायद्याने बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात. मडकं तेच राहिलं, पण ताण किती द्यायचा ते नव्याने जमवावं लागलं. स्पीकरच्या बाबतीतही सगळी मेहनत त्या जमवण्यात आहे.

हातात काय आहे ते आधी ओळखा

व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा रेडिओग्राम, १९७०-८० च्या दशकांतले हाय-फाय बॉक्स आणि देवळाच्या जत्रेत किंवा फेस्ताला वाजणारा कर्णा, या तिघांचे नियम वेगळे आहेत. कर्ण्याचं काम सगळ्यात सोपं. युनिट खोलायचं, त्याच मॉडेलचा डायफ्रॅम घ्यायचा, चुंबकाच्या फटीतला गंज चिकटपट्टीने टिपून काढायचा आणि नवा बसवायचा. अहुजासारख्या देशी कंपन्यांचे डायफ्रॅम सहज मिळतात, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. रेडिओचं प्रकरण पुढे येईल. या लेखाचा मुख्य भाग हाय-फाय बॉक्सचा आहे.

अँप्लिफायर जोडायची घाई करू नका. आधी जाळी काढा आणि वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या युनिटच्या) कडेचा सराउंड, म्हणजे लवचीक रिंग, बोटाने हलकेच दाबा. बोटाला काळा चिकट चुरा लागला तर तो फोम आहे आणि संपलेला आहे. सराउंड रबराचा असेल तर बहुतेक वेळा तो शाबूत सापडतो. चुण्यांच्या कापडाचा किंवा कागदाचा असेल तर आणखीच बरं, तो आपल्याला पुरून उरेल.

मग बॉक्स उघडा. प्रत्येक पायरीला फोटो काढा आणि प्रत्येक तारेला कागदी पट्टी लावून कुठून कुठे जाते ते लिहा. मल्टिमीटरने प्रत्येक युनिटचा रेझिस्टन्स मोजा. मोजताना त्याची एक तार सोडवा, नाहीतर क्रॉसओव्हरमधून, म्हणजे वरचे-खालचे सूर वेगळे करून युनिटांना देणाऱ्या सर्किटमधून, चुकीचा आकडा येतो. ८ ओहमचं युनिट मीटरवर साधारण ५.५ ते ७ दाखवतं, ४ ओहमचं ३ ते ३.६ आणि १६ ओहमचं ११ ते १३. काहीच दाखवत नसेल तर कॉइल (पेपर हलवणारं तारेचं वेटोळं) मेली असं लगेच ठरवू नका. टर्मिनलपासून पेपरकडे, म्हणजे हलणाऱ्या कोनकडे, जाणारी वेणीची तार तपासा. आपल्याकडे ही तार कॉइलच्या आधी सडते आणि ती बदलता येते. मात्र तिथे साधी हुकअप वायर लावू नका, ती पेपरची हालचाल अडवते आणि थोड्या दिवसांत तुटते. स्पीकरसाठीची विणलेली लवचीक तारच घ्या आणि मूळ तारेइतकीच लांब ठेवा.

पेपर हाताने सरळ आत-बाहेर ढकलून पाहा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. कारण फटीतला गंज असेल, नाहीतर वर्षानुवर्षं एकाच बाजूने लोंबून स्पायडर (पेपरला मागून धरणारी चुण्यांची चकती) खाली बसला असेल. दुसरं असेल तर वूफर अर्धा फिरवून, म्हणजे वरची बाजू खाली करून बसवला की बऱ्याचदा खर्चाशिवाय काम होतं.

चुंबकाचा सांगाडा कधीही खोलू नका. जुन्या अल्निको चुंबकात तर नाहीच, तो सुटा केला की त्याची ताकद कमी होते आणि परत चार्ज करायची सोय सहसा जवळपास नसते. अल्निकोमध्ये कोबाल्ट असतो. १९७८ च्या सुमारास झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) अशांततेमुळे कोबाल्ट महागला आणि बहुतेक कंपन्या फेराइटच्या चुंबकांकडे वळल्या. म्हणून त्याआधीच्या वूफरच्या मागे अल्निकोचा चुंबक लहानसा दिसला तर त्याला कमी लेखू नका.

फोम बदलणं

पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलीने रासायनिकदृष्ट्या तुटतो. वापरला नाही म्हणून तो टिकत नाही. म्हणूनच स्वस्त मिळाल्या म्हणून जास्तीच्या फोम रिंगा घेऊन कपाटात ठेवू नका, त्या तिथेही कुजतात.

मागवताना 'दहा इंची' एवढंच सांगून भागत नाही. पेपरचा बाहेरचा व्यास, फोमच्या गोल उंचवट्याची आतली आणि बाहेरची कड, चौकटीवर चिकटणाऱ्या पट्टीचा बाहेरचा व्यास असे चारही आकडे मिलिमीटरमध्ये मोजा. रिंग पेपरच्या वरून चिकटते की खालून, तेही लिहून घ्या.

फोमऐवजी रबर लावावं का, हा गोव्यात हमखास येणारा प्रश्न. रबर आपल्या हवेत कितीतरी जास्त टिकतं. पण ते जड असतं, आणि हलणारं वजन वाढलं की वूफरची अनुनाद-वारंवारता (ज्या सुराला तो आपोआप सगळ्यात जास्त हलतो) खाली येते आणि आवाज किंचित दबतो. इथे बॉक्सचा प्रकार पाहायचा. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ या स्पीकरमधून जी बंद पेटीची पद्धत आणली, तिच्यात पेपरला मागे खेचणारी मुख्य स्प्रिंग म्हणजे पेटीत कोंडलेली हवा असते. वूफरचं स्वतःचं निलंबन (सराउंड आणि स्पायडर) मुद्दामच सैल ठेवलेलं असतं. अशा बंद पेटीतला आठ-दहा-बारा इंची जड वूफर चांगलं पातळ रबर पचवतो. पोर्टवाल्या, म्हणजे हवेला भोक किंवा नळी ठेवलेल्या, बॉक्समध्ये मात्र पेटी आणि पोर्ट त्या वूफरच्या आकड्यांवर बेतलेले असतात, आणि पाच इंची हलक्या पेपरच्या वूफरवर दोन-चार ग्रॅमही जाणवतात. तिथे फोमच्या जागी फोमच. तो काही वर्षांनी परत बदलायचा आहे हे मनात धरूनच.

आता प्रत्यक्ष काम. जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू काढा. स्टीलचं पातं चौकटीवर चालेल, पेपरवर नको. प्लास्टिकच्या पेपरला अ‍ॅसिटोन लावू नका. केईएफ कंपनीच्या बी ११० सारख्या वूफरचा कोन बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकचा आहे, अ‍ॅसिटोनने तो विरघळायला लागतो. गोंद काढायला पाऊण तास लागला तरी पूर्ण काढा. खाली थर उरला की नवी रिंग वाकडी बसते.

गोंद कोणता, यावर बरेच वाद होतात. सुतारकामाचा पांढरा गोंद वाळून कडक होतो. स्पीकरसाठीचा पांढरा गोंद वाळल्यावरही लवचीक राहतो, कागद आणि फोमला तोच बरा, कारण रिंग सरकवायला तो वेळ देतो. रबर आणि पॉलिप्रॉपिलीनच्या कोनला तो धरत नाही, तिथे त्यासाठीचा खास गोंद लागतो. फेविक्विकच्या जातीचं काहीही इथे वापरू नका.

आधी रिंग फक्त पेपरला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. मग चौकटीला गोंद लावून कॉइल मध्यावर आणायची. हमखास पद्धत म्हणजे पेपरच्या मधली टोपी, म्हणजे डस्ट कॅप, कापून कॉइल आणि तिच्या आतल्या चुंबकाच्या पोलच्या मध्ये पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या चारी बाजूंनी बसवणं. डस्ट कॅप वाचवायची असेल तर गोंद ओला असतानाच अगदी कमी आवाजात २० ते ३० हर्ट्झचा सूर सोडा आणि घासण्याचा आवाज बंद होईपर्यंत रिंग बोटाने सरकवत राहा. माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे, कारण जुन्या कॅपची जागा नवी कॅप हुबेहूब घेत नाही. ज्या वूफरमधून मिडरेंजही (मधले सूर) निघतो, तिथे तर तो फरक सरळ कानावर येतो.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. आषाढात पांढरा गोंद दोन दिवस ओला राहतो आणि वाळतो तेव्हाही त्याची पकड भरवशाची नसते. अगदीच अडलं तर बंद कपाटात पिवळा बल्ब लावून वूफर आत ठेवा.

ट्वीटर

डोम ट्वीटरच्या, म्हणजे घुमटाकार पडद्याने वरचे सूर काढणाऱ्या लहान युनिटच्या, फटीत बऱ्याचदा फेरोफ्लुइड असतं, म्हणजे चुंबकाला धरून राहणारं तेल. ते कॉइल थंड ठेवतं आणि अनुनाद दाबतं. काही दशकांत ते काकवीसारखं घट्ट होतं आणि ट्वीटर जिवंत असूनही पुटपुटतो. डोम उचलता येत असेल तर टिपकागदाच्या पट्टीने फट पुसून काढा, अल्कोहोलने साफ करा आणि योग्य दाटपणाचं नवं फेरोफ्लुइड मोजून घाला. ज्यात ते मुळात नव्हतंच, त्यात घालू नका.

ट्वीटर खरंच मेला असेल आणि तोच मिळत नसेल, तर नवा निवडताना छिद्राचा व्यास शेवटी पाहा. आधी ओहम जुळवा. मग त्याची अनुनाद-वारंवारता क्रॉसओव्हरच्या वारंवारतेच्या निम्म्याहून कमी आहे ना ते पाहा. ३,००० हर्ट्झवर जोडणार असाल तर ती १,५०० च्या खाली हवी. मग संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेत किती आवाज निघतो ते. नवा ट्वीटर ३ डेसिबल जास्त आवाज देत असेल तर ते काही संकट नाही. ८ ओहमच्या ट्वीटरला २२ ओहम समांतर आणि त्या जोडीच्या मागे २.२ ओहम मालिकेत लावला की आवाज जवळपास पावणेतीन डेसिबल खाली येतो आणि क्रॉसओव्हरला समोर ८ ओहमच दिसतात. कमी आवाज देणारा ट्वीटर मात्र घेऊ नका, त्याला वर आणायची सोय नाही. आणि बदलायचा तर दोन्ही बॉक्समध्ये बदला. निघालेला चांगला ट्वीटर जपून ठेवा.

क्रॉसओव्हर

बहुतेक जुन्या बॉक्सचा आवाज खरा परत येतो तो इथे, आणि बिघडतोही इथेच.

१९७०-८० च्या दशकांतल्या बॉक्समध्ये सहसा नॉन-पोलर (अधिक-उणे टोक नसलेले) इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात. त्यांच्या आतला द्रव हळूहळू सुकतो. किंमत सरकते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतला मालिका-रेझिस्टन्स, ज्याला ईएसआर म्हणतात, तो वाढतो. समजा ट्वीटरच्या वाटेवर ६.८ मायक्रोफॅरड आहे. एकट्या कॅपॅसिटरने भागवलेल्या सोप्या फिल्टरचं गणित असं: १,५९,००० ला ओहम आणि हर्ट्झच्या गुणाकाराने भागा, उत्तर मायक्रोफॅरडमध्ये येतं. ८ ओहम आणि ३,००० हर्ट्झला ६.६ येतात, म्हणून ६.८. तो कॅपॅसिटर सरकून ९ झाला तर ट्वीटर २,२०० हर्ट्झच्या आसपासच काम सुरू करतो आणि मोठ्या आवाजात जळतो. हे गणित समजून घेण्यापुरतं आहे. त्यावरून नवी किंमत काढू नका. बनवणाऱ्याने खऱ्या ट्वीटरला कान लावून किंमत ठरवलेली असते, जुन्या डब्यावर छापलेला आकडाच खरा. आज मीटरवर दिसणारा आकडा हा म्हातारपणाचा आकडा.

आता ईएसआरकडे वळू, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. चांगल्या फिल्म कॅपॅसिटरचा (ज्यात द्रवाऐवजी प्लास्टिकची पातळ फिल्म असते) ईएसआर नगण्य असतो. जुन्या इलेक्ट्रोलिटिकचा तो नवा असतानाही पाव-अर्धा ओहम असायचा, आणि बनवणाऱ्याने तो धरूनच ट्वीटरची पातळी ठरवलेली होती. ८ ओहमच्या ट्वीटरपुढे अर्धा ओहम म्हणजे साधारण अर्धा डेसिबल. म्हणून फिल्म लावताना ०.३३ किंवा ०.४७ ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर मालिकेत घाला. म्हातारा कॅपॅसिटर २ ओहमवर गेला असेल तर तुम्ही इतकी वर्षं जवळपास २ डेसिबल दबलेला वरचा आवाज ऐकत होता. नवा लावल्यावर पहिल्या दिवशी आवाज टोचतो तो या सवयीमुळे. आठवडाभर ऐका आणि मगच रेझिस्टरला हात लावा.

फिल्म कॅपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन येतातच. पण एक गोष्ट इथल्या प्रत्येक इलेक्ट्रिकच्या दुकानात आहे: पंख्याचा कॅपॅसिटर. २.५ किंवा ४ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट, आत मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीन. क्रॉसओव्हरला तो उत्तम चालतो. ४ चे दोन समांतर जोडले की ८, २.५ चे चार जोडले की १०. नवाच घ्या आणि मीटरवर मोजून घ्या. दिसायला ओबडधोबड असतो, पण बॉक्सच्या आत कोण बघायला येतंय? इतर किमतीही जोडून जमतात. जुन्या युरोपीय बॉक्समधल्या ८ मायक्रोफॅरडला ४.७ आणि ३.३ समांतर लावले की नेमके ८ होतात. दोन्ही बॉक्समध्ये बेरीज एकमेकांच्या टक्का-दोन टक्क्यांच्या आत आणा. स्टिरिओत गायक मध्यभागी उभा राहतो तो या जुळणीमुळे, महाग कॅपॅसिटरमुळे नाही.

वूफरच्या बाजूचे ४०-५०-७० मायक्रोफॅरडचे मोठे कॅपॅसिटर फिल्मचे घ्यायचा हट्ट धरू नका. पैसे जातात, जागा पुरत नाही आणि गेलेल्या ईएसआरमुळे फिल्टरचा आकार बदलतो. तिथे नवे १०० व्होल्टचे नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक लावा. ते मिळाले नाहीत तर १०० मायक्रोफॅरडचे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक उणे टोकं एकमेकांना जोडून मालिकेत लावले की ५० चा नॉन-पोलर होतो. काम भागतं.

याहून जुन्या क्रॉसओव्हरमध्ये पत्र्याच्या डब्यातले तेलाचे कॅपॅसिटर सापडतील. ते गळत असतील तर हातमोजे घाला आणि कापून पाहू नका. त्या काळच्या काही तेलांत पीसीबी नावाचं विषारी रसायन असायचं.

इंडक्टर, म्हणजे तारेची गुंडाळी, सहसा बदलायचीच नसते. लोखंडी गाभ्याची काढून बिनगाभ्याची 'शुद्ध' गुंडाळी लावायची टूम आहे. पण बिनगाभ्याच्या गुंडाळीला त्याच किमतीसाठी जास्त तार लागते. तारेचा रेझिस्टन्स ०.३ वरून ०.८ ओहमवर गेला की बास सैल पडतो. गुंडाळीवर हिरवं आलं असेल तर टोकं चमकेपर्यंत घासा, नव्याने डाख द्या आणि पुढे चला. सिमेंटचे रेझिस्टर मोजा, सरकले असतील तरच बदला. बॉक्सच्या मागे आवाज कमी-जास्त करायचे नॉब असतील तर ते जवळपास नक्की आतून गंजलेले असतात. आधी खोलून साफ करा. कॉन्टॅक्ट खाल्ला गेला असेल तरच नवा एल-पॅड, म्हणजे असाच नॉब, घ्या, ८ ओहम आणि किमान १५ वॉटचा.

सगळं झाल्यावर आपल्या हवेसाठी एक जास्तीचं काम: सोल्डरच्या जागांवर अ‍ॅक्रिलिक लॅकरचा पातळ थर फवारा. नॉब, स्विच आणि टर्मिनलवर आधी चिकटपट्टी लावून झाका. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे चुकवू नये.

अख्खं युनिट बदलायची वेळ आली तर

कॉइल जळली असेल तर आपल्याकडचे कारागीर पेपर-कॉइल बदलून देतात. सभा-समारंभात वाजणाऱ्या पीए सिस्टिमच्या वूफरला ते चालतं. हाय-फाय वूफरला बाजारचा पेपर लावला की वजन बदलतं आणि वूफर दुसराच होतो. पेपर मूळचाच ठेवून फक्त कॉइल बांधून देणारा कारागीर शोधा, मग दोन पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

तेही शक्य नसेल तर नवा वूफर थील-स्मॉल आकड्यांवरून, म्हणजे वूफर पेटीत कसा वागेल ते सांगणाऱ्या ठरावीक आकड्यांवरून निवडा: अनुनाद-वारंवारता, एकूण क्यू, समतुल्य हवेचं आकारमान, संवेदनशीलता. इंच जुळले म्हणजे वूफर जुळला असं होत नाही. आजचे बरेच वूफर जड पेपरचे, लांब हालचालीचे आणि ८६-८८ डेसिबलचे असतात. ९४-९५ डेसिबलच्या जुन्या वूफरच्या मोठ्या पेटीत ते मलूल वाटतात. ज्याची किंमतच मूळ जोडणीत आहे तिथे हा खेळ खेळू नका. बीबीसीच्या एलएस३/५ए या बॉक्समधून बी ११० वूफर किंवा टी २७ ट्वीटर काढून दुसरं काही लावलं तर उरतं ते फक्त खोकं.

दिशा तपासायला वूफरला क्षणभर १.५ व्होल्टचा सेल लावा. अधिकला अधिक जोडलं की पेपर बाहेर यायला हवा. जेबीएल कंपनीच्या जुन्या युनिटमध्ये लाल टर्मिनलला अधिक दिलं तर पेपर आत जातो, ती कंपनीची तेव्हाची रीतच होती. जेबीएलच्या एल १०० सारख्या बॉक्समध्ये जुन्यासोबत नवं युनिट बसवताना हे विसरलात तर दोन युनिट एकमेकांविरुद्ध वाजतील. ट्वीटरवर सेलचा प्रयोग करू नका.

व्हॉल्व्ह रेडिओचा स्पीकर

इथे आधी जिवाचं बघा. आत २५०-३०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये राहतात. अनुभव नसेल तर हे काम जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच करा.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच सेटमध्ये कायमचा चुंबक नसतो, फील्ड कॉइल असते. ती चुंबक तयार करते आणि त्याच वेळी वीजपुरवठ्यातला चोक (गुणगुण गाळणारी गुंडाळी) म्हणूनही काम करते. म्हणून तो स्पीकर काढून नुसता चुंबकाचा लावला की रेडिओ बंद पडतो किंवा गुणगुणत राहतो. १,५०० ओहमच्या फील्ड कॉइलमधून ६० मिलिअँपिअर जात असतील तर तिथे ९० व्होल्ट पडतात आणि सुमारे साडेपाच वॉट उष्णता होते. पर्याय म्हणून तेवढ्याच ओहमचा १५-२० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, आणि जमल्यास चोक, द्यावा लागतो. गुणगुण उरली तर त्यापुढचा कॅपॅसिटर वाढवा. रेक्टिफायर (एसीची डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हला लागून असलेला वाढवू नका, व्हॉल्व्ह जाईल. माझं मत विचाराल तर आधी फील्ड कॉइल दुरुस्त होते का ते पाहा.

नंतरच्या काळातल्या काही फिलिप्स सेटमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच (व्हॉल्व्ह आणि स्पीकरचे ओहम जुळवणारा) नसतो आणि स्पीकर ८०० ओहमचा असतो. मीटरने काही शे ओहम दाखवले म्हणून चांगला स्पीकर टाकून देऊ नका, आणि त्या जागी ८ ओहमचा सरळ जोडू नका. इतर सेटमध्ये स्पीकर बहुधा ३ ते ५ ओहमचा असतो. पाठीमागून उघड्या पेटीला हलक्या पेपरचा, संवेदनशील स्पीकर लागतो. गाडीच्या दाराचा ४ ओहमचा स्पीकर विजेच्या दृष्टीने जुळतो, पण जड पेपरमुळे तीन-चार वॉटच्या रेडिओवर आवाज गुदमरतो. आणि कोणताही व्हॉल्व्ह सेट स्पीकर न जोडता चालू करू नका.

खोकं, स्क्रू आणि कापड

फुगलेला पार्टिकल बोर्ड परत बसत नाही. मागची फळी गेली असेल तर त्याच जाडीच्या मरीन प्लायची करा. पुढची फळी बदलताना युनिटांची जागा मिलिमीटरने जशीच्या तशी उतरवा. गंजलेल्या स्क्रूच्या जागी ३०४ स्टेनलेसचे घ्या. ते सहज गंजत नाहीत आणि चुंबक त्यांना फारसा ओढत नाही, त्यामुळे पेचकसाच्या टोकावरून उडून पेपर फाडत नाहीत. पेचकस मात्र लोखंडाचाच असतो, तेवढं ध्यानात ठेवा. मागच्या स्प्रिंगच्या क्लिपा काढून पितळी बाइंडिंग पोस्ट लावायला माझी पूर्ण संमती आहे. मूळ प्लेट सांभाळून ठेवा आणि नवं छिद्र न पाडता तिच्याच मापाची नवी पट्टी करा.

आतला कापूस किंवा ग्लासवूल बुरसटलेलं असेल तर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि तेवढ्याच वजनाचं नवं भरा. बंद पेटीत हे प्रमाण बासवर परिणाम करतं. फळी बसवताना फटीला फोमची चिकटपट्टी लावा. बंद पेटीचा वूफर हळूच दाबून सोडला की तो सावकाश परत आला पाहिजे. झटकन आला तर हवा कुठूनतरी गळते आहे. वाळवीचं औषध मारायचं तर सगळी युनिटं बाहेर काढूनच. जाळीचं कापड तोंडाशी धरून फुंकर मारा, ती सहज पलीकडे गेली तरच ते कापड घ्या.

जोडून झाल्यावर

पहिले काही तास कमी आवाजात वाजवा. फोनवरून २० हर्ट्झपासून वर सरकणारा सूर सोडा. ३० ते २०० च्या दरम्यान खरखर किंवा भिरभिर ऐकू आली तर सैल स्क्रू, गळती किंवा घासणारी कॉइल शोधा. मग दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून मोनो गाणं बॅलन्सने इकडून तिकडे फिरवा. फोनच्या माइकचे आकडे निरपेक्ष म्हणून खरे नसतात, पण डाव्या-उजव्यातला फरक तो प्रामाणिकपणे दाखवतो. दोन्ही आलेख एका डेसिबलच्या आत आले की थांबायला हरकत नाही. कानाने तपासायला ओळखीचा मानवी आवाज सगळ्यात बरा. अभिषेकीबुवांचा मधला सूर नाकात गेल्यासारखा वाटला तर क्रॉसओव्हरकडे परत जा. घुमटाच्या आरतीत थाप आणि मागचा घुमार वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत.

काढलेला प्रत्येक मूळ भाग झिप पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा. गळणारे तेलाचे कॅपॅसिटर तेवढे वगळा, ते वेगळे बंद करून ई-कचऱ्यात द्या. बॉक्सच्या मागच्या फळीवर आतून कागद चिकटवा: काय बदललं, कोणत्या किमतीचं लावलं, कोणत्या वर्षी. विकायची वेळ आली तर त्या पिशवीला आणि त्या कागदाला भाव मिळतो. नाही विकला तरी फोम परत बदलताना कोणता गोंद आणि कोणत्या मापाची रिंग वापरली होती ते शोधत बसावं लागणार नाही.